भिंतीतला क्लिफ

मँचेस्टरच्या विमानतळावर ग्लेनिसला घ्यायला कोणी आलं नव्हतं. येणार नव्हतंच. नणंदेनं, नोरीननं, आदल्या दिवशी फोनवर सांगून टाकलं होतं, "मॅलकमचा गुडघा धरलाय गं. गाडी काढायची म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. तू आपली ट्रामनं ये, आता किती सोपं झालंय!" सोपं म्हणजे काय, तर पासष्टी ओलांडलेल्या बाईनं जड बॅग ओढत एक ट्राम पकडायची, गर्दीत उतरून दुसरी शोधायची आणि पावसाच्या झिमझिमीत रॉचडेलच्या थांब्यापासून चढ चढून घर गाठायचं. ऑगस्ट होता म्हणे. ग्लेनिसची बोटं गारठून लाकूड झाली होती.

चढ चढताना तिच्या डोळ्यांपुढे नवरा, क्लिफच येत होता. अकरा वर्षांपूर्वी दोघं निवृत्त होऊन स्पेनला, आलिकान्तेच्या मागच्या डोंगरातल्या एका गावात राहायला गेली. तेव्हापासून नोरीन आणि मॅलकम दर उन्हाळ्यात पंधरा दिवस हक्कानं यायची. आणि दर उन्हाळ्यात क्लिफ गाडी धुवून, तासभर आधी विमानतळावर जाऊन उभा राहायचा. हातात पुठ्ठ्याची पाटी धरायचा, तिच्यावर लिहायचा 'महाराणी नोरीन आणि सोबतचा हमाल'. दरवर्षी तोच विनोद. दरवर्षी तोच एकटा खो खो हसायचा. मॅलकमचा गुडघा त्या पंधरा दिवसांत कधी धरायचा नाही, समुद्रात म्हशीसारखा डुंबायचा तो.

दार उघडल्या उघडल्या नोरीन म्हणाली, "अगं बाई, केवढी रापलीस! मजा आहे बाई तुझी."

क्लिफ जाऊन सहा महिने झाले होते. नवरा गेल्यानंतर ग्लेनिस पहिल्यांदाच सासरच्या दारात उभी होती, आणि पहिलं वाक्य काय, तर तुझी मजा आहे. बॅग उघडून ग्लेनिसनं नोरीननं मागवलेलं केशर आणि बदामाची मिठाई टेबलावर ठेवली. नोरीननं पाकिटं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "मागच्या वेळी मोठी आणली होतीस ना?"

चहा झाला. चहा चांगला होता, एवढं खरं. स्पेनमध्ये बाकी सगळं मिळतं, असा चहा मिळत नाही. दरवेळी ग्लेनिस बॅग भरून चहाच्या पुड्या घेऊन जायची, आणि त्यावरून तिचे गावातले शेजारी हसायचे. मॅलकम समोर बसून टीव्हीवरच्या घोड्यांच्या शर्यती बघत होता. मान न वळवता तो म्हणाला, "बरं केलंस आलीस, पोरी. नोरीनच्या मनाला फार लागलं होतं. तुम्ही त्याचं सगळं तसं घाईघाईनं उरकलंत ना."

"उरकलंत?" ग्लेनिसनं कप खाली ठेवला.

"जाऊ दे," नोरीन म्हणाली. "आज नको. उद्या सकाळी तुला एक दाखवायचंय. बघशील तेव्हा सगळा राग विसरशील."

त्या रात्री दिवाणखान्यातल्या हवेच्या गादीवर ग्लेनिस तळमळत पडली. वरची खोली मॅलकमच्या मासे पकडायच्या सामानानं भरलेली होती. ते हलवायचं अकरा वर्षांत कोणाच्या मनात आलं नव्हतं. तिच्या घरात मात्र ह्या दोघांसाठी एक खोली कायम होती, त्यांच्या चादरींसकट.

घाईघाईनं उरकलं. तो शब्द तिच्या डोक्यात गरगरत राहिला.

जानेवारीच्या अखेरीस क्लिफला हॉस्पिटलात हलवलं, तेव्हा पहिल्या संध्याकाळी ग्लेनिस चक्क घरी निघून आली होती. इंग्लंडमध्ये भेटायची वेळ संपली की नर्स घंटा वाजवून हाकलते, तसंच तिथंही असणार असं तिनं धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली तर शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची लेक क्लिफला चमच्यानं सूप भरवत होती. ग्लेनिसकडे तिनं असं पाहिलं की मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथं माणूस आजारी पडला की औषध नर्स देते, पण भरवायचं, पुसायचं, रात्रभर उशाशी बसायचं घरच्यांनी. खाटेशेजारची आरामखुर्ची त्याचसाठी असते. शेजारीण एन्कार्नाला हे कळलं, तेव्हा ती कपाळावर हात मारून म्हणाली, "म्हणजे तू त्याला एकटं टाकून आलीस? अगं वेडे, तुझी माणसं कुठायत?"

माणसं! ग्लेनिसनं त्याच दुपारी फोन लावला होता. "नोरीन, आत्ता ये. तो तुझं नाव घेतोय." आणि नोरीन काय म्हणाली? "आत्ता येऊन मी काय करणार गं? मार्चमध्ये तिकिटं स्वस्त होतात. आणि देव करो तसं न होवो, पण झालंच, तर अंत्यविधीला येऊच की. दोन-तीन आठवडे तर मिळतातच."

रॉचडेलमध्ये मिळतात. माणूस मेला की त्याला थंडाव्यात ठेवतात, मग चर्चची तारीख बघतात, हॉल घेतात, हॅमची सँडविचं सांगतात, काळा कोट धुवायला टाकतात. सगळं सवडीनं. त्या गावात क्लिफ मंगळवारी दुपारी गेला आणि बुधवारी दुपारी चर्चची घंटा वाजवून त्याची पेटी दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलीही. ग्लेनिसलाही धक्का बसला होता. पण एन्कार्नानं तिचे हात धरून सांगितलं, "आज रात्री सगळं गाव त्याच्यापाशी बसेल. उद्या त्याला पोचवायचं. माणसाला ताटकळत ठेवतात का?" आणि खरंच सगळं गाव आलं. बेकरीवाला आला, क्लिफबरोबर पत्ते कुटणारे चार म्हातारे आले. ज्यांच्या घरांची गळकी कौलं क्लिफनं फुकट नीट करून दिली होती, तीही सगळी आली. ग्लेनिसनं फोनवर "उद्या दुपारी" म्हटल्यावर नोरीन पलीकडून किंचाळली होती. आणि सहा महिने झाले, तो आवाज ग्लेनिसनं पोटात ठेवला होता.

सकाळी तिघं कबरस्तानात गेली. गाडी मॅलकमनंच चालवली. गुडघा आज बरा होता.

नोरीन पुढे पुढे चालत होती. हातात घट्ट धरलेली पांढऱ्या शेवंतीची जुडी. आई-वडिलांच्या दगडापाशी येऊन ती बाजूला झाली आणि म्हणाली, "बघ."

काळ्या दगडावर वरची दोन नावं जुनी, फिकी झालेली. त्यांच्याखाली नवी कोरी सोनेरी अक्षरं चकाकत होती. 'क्लिफर्ड. लाडका मुलगा, लाडका भाऊ. अखेर घरी परतला.'

ग्लेनिसनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. 'नवरा' हा शब्द कुठेच नव्हता.

"आता फक्त त्याला आणायचं," नोरीन हळुवारपणे म्हणाली. "मॅलकमनं चौकशी केलीय. तिथून काढून दहन केलं, की राखेचा डबा विमानातून आणता येतो म्हणे. ख्रिसमसला येशील तेव्हा आण. आई-बाबांशेजारी असू दे गं त्याला. असं परक्यांच्या भिंतीत..."

ग्लेनिसच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"मला विचारलं होतंस?"

"तुला काय विचारायचं? तू आम्हाला विचारलं होतंस? कुत्रं पुरावं तसं एका दिवसात त्याला..."

"खबरदार!" ग्लेनिस एवढ्या मोठ्यानं ओरडली की पलीकडच्या कबरीवर पाणी घालणारा माणूस झारी घेऊन दूर गेला. "खबरदार कुत्रं म्हणालीस तर! सगळं गाव रात्रभर बसलं होतं त्याच्यापाशी. त्याची दाढी एन्कार्नाच्या नवऱ्यानं केली. ज्या बाईला त्याच्या भाषेतलं अक्षर कळत नाही, ती त्याचं लघवीचं भांडं उचलत होती, नोरीन! आणि तू इथं बसून तिकिटं स्वस्त व्हायची वाट बघत होतीस!"

"अगं पोरी, लोक बघतायत," मॅलकम म्हणाला.

"बघू देत! तू तर बोलूच नकोस. अकरा वर्षं माझ्या अंगणात पाय पसरून बिअर ढोसलीस. आजारी माणसाला बघायला यायचं म्हटलं की तुझा गुडघा धरतो!"

मॅलकम खाली बघत गाडीच्या किल्ल्या चाळवायला लागला.

नोरीनचा चेहरा लाल झाला होता, पण ती मागे हटली नाही. "तुम्हाला जायचं होतं म्हणून गेलात. उन्हात राहायचं होतं. आम्ही इथं आईचं सगळं केलं, हे घर, ते घर... आणि आता भाऊही तुझाच? माझा कोणी नव्हता तो?"

"होता. म्हणून तर बोलावत होता तुला. दार वाजलं की तुझं नाव घ्यायचा. 'नोरी आली वाटतं.' शेवटी शेवटी तर नर्सलाच नोरी म्हणायचा. काय सांगत होते मी त्याला, ठाऊक आहे? विमान लेट आहे म्हणून सांगत होते!"

हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. 

 झिमझिम पुन्हा सुरू झाली. सोनेरी अक्षरांवरून पाणी ओघळायला लागलं.

"हे बघ," ग्लेनिस म्हणाली. आवाज खाली आला होता, राग नाही. "चाळीस वर्षं त्यानं ह्या पावसात लोकांच्या छपरांवर चढून कौलं बसवली. हाडं ओली झाली होती त्याची. त्या गावातल्या दफनभूमीची भिंत दिवसभर तापते. तिला हात लावून तो मला म्हणाला होता, 'मला ह्यात ठेव. मेल्यावर तरी कोरडा राहू दे.' शेजारचा कोनाडा त्यानं माझ्यासाठी घेऊन ठेवलाय. तो इथं येणार नाही. ख्रिसमसला नाही, कधीच नाही. आणि दगडावर खोटं कोरलंयस तू. तो घरीच होता."

नोरीनच्या हातातली शेवंती खाली झुकली. एकदम म्हातारी दिसायला लागली ती. "मग मी कुठं जाऊ?" ती म्हणाली. "दर रविवारी जेवण झालं की मी इथं येते. आईशी बोलते, बाबांशी बोलते. त्याच्याशी कुठं बोलू? तुझ्याकडे भिंत तरी आहे. माझ्याकडे काय आहे?"

हे ऐकून ग्लेनिसला जास्तच संताप आला. ही बाई सरळसरळ दुष्ट असती तर किती बरं झालं असतं.

"नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला तिथं सगळं गाव दफनभूमीत जातं," ती शेवटी म्हणाली. "बायका बादल्या घेऊन जातात, आपापल्या माणसाच्या कोनाड्यावरची लादी घासून पुसतात, फुलं लावतात. दिवसभर बसतात, बोलतात, खातात. तुझा भाऊ आहे ना? मग ये आणि त्याची लादी घास."

"नोव्हेंबरात?"

"नोव्हेंबरात. समुद्र गार असतो तेव्हा. पोहता येत नाही."

मॅलकमनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. नोरीन विचार करत होती. ओठ हलत होते, मनातल्या मनात ती सामान भरत असावी. मग मान डोलावत ती म्हणाली, "बरं. येऊ. पण मग आम्हाला विमानतळावर घ्यायला कोण येणार?"



नोरीनचं तोंड उघडंच राहिलं. आपण काय विचारलं ते तिच्याच कानांवर आत्ता पडत होतं. ती मॅलकमकडे बघायला लागली, मग दगडावरच्या नावाकडे, आणि एकदम मटकन आईच्या कबरीच्या कठड्यावर बसली. सहा महिन्यांत ती पहिल्यांदाच रडली असावी. रडणं कसलं, लहान पोरासारखा हंबरडा फोडला तिनं. शेवंती चिखलात पडली. "येणार नाही ना गं तो?" ती म्हणत राहिली. "आता येणारच नाही ना?"

ग्लेनिसनं तिला जवळ घेतलं नाही. तेवढं मन अजून झालं नव्हतं. तिनं चिखलातली फुलं उचलली, झटकली आणि दगडापाशी ठेवली, सासू-सासऱ्यांच्या नावाखाली.

"विमानतळावरून बस आहे," ती म्हणाली. "शहरात बदलायची आणि शेवटच्या थांब्यावर उतरायचं. आता किती सोपं झालंय."

नोरीननं ओल्या डोळ्यांनी वर पाहिलं.

"थांब्यावर मी येईन," ग्लेनिस म्हणाली. "पाटी धरणार नाही."