मावसबहीण

मालिकेतल्या नायकाचा फोटो सकाळीच सगळीकडे पसरला. भाजीच्या दुकानात त्याने दाताच्या डॉक्टरणीचा हात धरला होता. त्यांचं जुनं प्रेम होतं, पण चाहत्यांनी त्याची जोडी मालिकेतल्या नायिकेशी केव्हाच जुळवून टाकली होती. दुपारपर्यंत डॉक्टरणीच्या दवाखान्याबाहेर शिव्या देणाऱ्या मुली जमल्या.

"मावसबहीण आहे म्हणून सांगून टाक," निर्माता म्हणाला, "नाहीतर मालिका गुंडाळावी लागेल."

आईनेही फोनवर तेच सांगितलं. "एवढं मिळवलंस, आता पाण्यात घालू नकोस."

त्याने कॅमेऱ्यासमोर हसत सांगून टाकलं. सांगताना जीभ अडखळली नाही, याचंच त्याला नंतर वाईट वाटलं.

संध्याकाळी तो दवाखान्यात गेला, तेव्हा ती हातमोजे काढत होती. ती रडली नाही की भांडली नाही.

"थोडे दिवस कळ काढ," तो म्हणाला.

"इतकी वर्षं काढलीच की. आता दमले रे." तिने खुर्चीवरचा दिवा बंद केला. "नीघ आता, दादा. बाहेर मुली थांबल्यात."

तो बाहेर येताच मुलींनी त्याला गराडा घातला. एकीने लाजत विचारलं, "ताई रागावल्या नाहीत ना?"

"नाही," तो म्हणाला आणि सह्या करत राहिला.