चौथ्या कोपऱ्यातला चेंडू

मित्रांनो, माझ्या पन्हळींत पाने साचली आहेत आणि मला धडकी भरली आहे. मी एक जुने लाकडी घर. डोक्यावर पत्रा, पायाखाली बुटके खांब. गावातले शेवटचे; माझ्यापुढे फक्त निलगिरीचे रान. माझी मालकीण नोलीन; तिच्या आजोबांनी मला बांधले. लाकूड असे कठीण, की ठोकलेला खिळा दुसऱ्या दिवशी मान खाली घालून बाहेर येई. लोक वाकडी वाट करून माझा व्हरांडा पाहायला येत.

मग नोलीनने डेसशी लग्न केले. माणूस चांगला, पण त्याच्या आठवड्यात कामाचा एकच वार. पन्हळी साफ कर म्हटले, की "रविवारी करतो." आणि रविवारी टीव्हीवर क्रिकेट.

आमचा नाताळ भर उन्हाळ्यात येतो. गेल्या नाताळाआधी असा उन्हाळा पेटला, की तापमापीतला पारा नळी सोडून माझ्या सावलीत येऊन बसला. खोटे वाटेल, पण मी माझ्या खिडक्यांनी पाहिले आहे. त्या दुपारी टेकडीमागे धूर उठला. शेजारचा क्लाइड आगीच्या बंबावर स्वयंसेवक. तो जाता जाता ओरडला, "डेस, पळायचं तर आत्ता. राहायचं तर पन्हळी भर."

आमच्याकडे पन्हळीतले पाणी खाली नेणाऱ्या नळांत टेनिसचे चेंडू कोंबतात आणि पन्हळी पाण्याने भरून ठेवतात. उडत आलेले निखारे पानांवर पडले तर घर गेलेच. पाण्यात पडले तर विझतात.

डेसने पाच वर्षांची पाने तासाभरात उपसली. नळ चार, नवे चेंडू तीन. चौथ्यात त्याने घरच्या बिस्किट नावाच्या कुत्र्याचा चघळून बारीक झालेला चेंडू कोंबला. तो नळातून घरंगळत थेट खाली. बिस्किटला वाटले, खेळ सुरू झाला. त्याने चेंडू शिडीपाशी आणून ठेवला. डेसने पुन्हा कोंबला. बिस्किटने पुन्हा आणला.

"अगं, या कुत्र्याला आवर."

"त्याला काय बोलतोस? निदान तो सांगितलेलं काम लगेच करतो," नोलीन म्हणाली.

तोवर टेकडीवरची झाडे धडाधड पेटू लागली. माझा पत्रा कुरकुरत होता. तीन बाजू भरल्या; चौथीतले पाणी नळाने पळून जात होते. नोलीनने डोक्यावरची तिच्या खेळाच्या क्लबची पांढरी टोपी काढली. शनिवारी तिचा अंतिम सामना होता.

"ही घे."

"नको गं, सामन्याला काय घालशील?"

"घर राहिलं तर सामना. कोंब."

टोपी घट्ट बसली. निखारे आले आणि माझ्या पन्हळींत चर्र करून विझत गेले. मी उभेच राहिले.

पण आग गेल्यावर चेंडू काढायचे कोणालाच सुचले नाही. महिन्याने पाऊस आला. तुंबलेले पाणी छतातून थेट डेसच्या उशीवर. तेव्हा तीन चेंडू निघाले. टोपी नळात आणखी खोल गेली. "रविवारी काढतो," डेस म्हणाला.

मित्रांनो, आता पुन्हा उन्हाळा तोंडावर आला आहे. पन्हळीत पाने घोटाभर आहेत, टोपी आत कुजते आहे. माणसांनो, घराची हाक धुराआधी ऐका. मला दुसरे काही नको.

आज रविवार आहे. शिडी भिंतीला लावलेली आहे. तिच्या पायथ्याशी बिस्किट चेंडू ठेवून वाट पाहतो आहे. आत क्रिकेट चालू आहे.