बोल्टखालचा रंग

"ब्रेक दाबा वहिनी," पिकअपच्या मागून वायरमन ओरडला.

तिने पाय दाबला, पण डोळे मुलीवर. चार वर्षांची पोर अंगणातल्या फरशीवर काढून ठेवलेल्या स्क्रूंशी खेळत होती. पाच होते, तिने दोनदा मोजले होते. एखादा तोंडात गेला तर? नवरा गेल्यापासून तिच्या मनाला ही खोडच लागली होती, जिथे काही नाही तिथेही आधी संकट शोधायचं.

"लागला का?"

"लागला, पण भलताच! ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की नंबरप्लेटचा दिवा. एकाला हाक मारावी तर दुसराच ओ देतोय."

सोमवारपासून दीर ही गाडी चालवणार होता. दुकानांचा माल पोचवायचं भावाचं काम आता त्याच्याकडे आलं होतं. "आधी दिवे तपासू दे, मग किल्ली," ती अडून बसली होती. "वहिनी, मी दिवसा हिंडणार. काजवा आहे का मी?" तो म्हणाला होता. तिला हसू आलं नव्हतं.

पाच महिन्यांपूर्वी, तिन्हीसांजेला, नवरा याच गाडीचं मागचं चाक बदलायला रस्त्याकडेला वाकला होता आणि मागून आलेल्या टेम्पोने त्याला उडवलं. टेम्पोवाला पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता, मागे दिवे नव्हतेच, मला गाडी दिसलीच नाही. कोण विश्वास ठेवणार? पोलिसांनी पाहिलं तेव्हा दिवे लागत होते. आणि सासऱ्यांनी जबाब दिला होता, निघताना मी स्वतः मागे उभा होतो, दोन्ही दिवे लख्ख होते. त्या एका वाक्याच्या आधाराने म्हातारा जेवत होता, झोपत होता. टेम्पोवाल्याची बायको माफी मागायला आली तेव्हा तिच्या तोंडावर दार लावलं, तेही त्याच जोरावर.

वायरमनने एक लांब वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट दिव्याच्या पत्र्याला टेकवली. दिवा भक्कन पेटला.

"बल्ब ठीक, वायर ठीक," तो म्हणाला. "करंट येतोय, पण परत जायला वाट नाही. अर्थिंग गेलंय. मग तो दिसेल त्या दिव्यातून वाट काढतो."

तो चेसिसखाली सरकला. काळ्या वायरीचं टोक जिथे चेसिसला आवळलं होतं तो बोल्ट त्याने खोलला आणि खालची जागा बोटाने पुसून पाहिली.

"काय झालं?"

"बघा."

ती खाली वाकली. बोल्टखाली उघडं लोखंड हवं होतं. तिथे निळा रंग होता, गुळगुळीत, एक ओरखडा नसलेला.

"कोणी रंगवली गाडी?"

 सासऱ्यांचा सगळा जन्म रंगाऱ्याचा. मुलाची गाडी जुनी दिसते म्हणून अपघाताच्या आदल्या आठवड्यात त्यांनी ती वरपासून खालपर्यंत रंगवली होती, अगदी चेसिससुद्धा. दोन हात मारले होते.

"आळशी रंगाऱ्याने बोल्टवरूनच ब्रश फिरवला असता," वायरमन हळू आवाजात म्हणाला, "तर काही बिघडलं नसतं. इथे बोल्ट काढून, खाली रंगवून, पुन्हा बसवलाय. रंगातून करंट जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम जात असेल. उभ्या गाडीत लागतात दिवे. खड्ड्यात आदळली की गेले, पुन्हा हलली की आले."

म्हणजे बाबांनी पाहिलं ते खरं होतं. पोलिसांनी पाहिलं तेही खरं. आणि टेम्पोवाला?

"भाऊ," ती कुजबुजली, "बाबांसमोर हे काढू नका. पाया पडते."

"सापडलं का रे काही?" सासरे पायरीवरून विचारत होते. नातीला कडेवर घेऊन ते जवळ आले.

वायरमनने तिच्याकडे पाहिलं.

"काही नाही बाबा," ती घाईने म्हणाली. "बोल्टपाशी गंज धरला होता. जुनी गाडी, चालायचंच."

सासरे थांबले. "गंज?"

"थोडासाच."

"मी रंगवलेल्या जागी? वर्ष नाही झालं अजून!" त्यांचा आवाज चढला. "प्रायमर घासून मारलाय मी. लोकांच्या फाटकांना वीस-वीस वर्षं गंज नाही धरत आणि घरच्या गाडीला धरेल? सरक, मला बघू दे."

"बाबा, नका ना, कंबर धरेल."

तिने जीभ चावली. दुसरं काहीही चाललं असतं, वायर कुरतडली, उंदीर, काहीही. नेमका गंज सुचला.

नातीला तिच्या हातात देऊन ते कष्टाने फरशीवर आडवे झाले. बोटांच्या टोकांनी त्यांनी ती जागा चाचपली. रंग कसा बसलाय हे ते डोळ्यांनी कमी, बोटांनीच जास्त ओळखत.  वायरीचं टोक लोंबत होतं. ते त्यांनी रंगावर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं.

"ही वायर इथे कशाला असते?" त्यांनी विचारलं.

वायरमनने मान खाली घातली. "दिव्यांची असते काका."

"लोखंडाला लागायला हवी?"

"हो."

 गाडीखालून हात बाहेर आला. "पॉलिश पेपर दे."

"मी करतो ना काका."

"दे म्हटलं ना."

ते घासू लागले. निळी भुकटी त्यांच्या तोंडावर, पांढऱ्या भुवयांवर पडत होती. रंग लवकर सुटेना. चांगला बसला होता. मुलगी खदखदून हसली, "आजोबा निळे झाले!" आणि तिने पोरीचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं.

बाबा, तुम्हाला कुठे ठाऊक होतं, असं तिला म्हणायचं होतं.  पण पाच महिने ती त्या टेम्पोवाल्याला रोज शिव्याशाप देत आली होती. तेवढाच आधार होता तिलाही.

लोखंड दिसलं तसे ते घासायचे थांबले. बाहेर मात्र आले नाहीत.

"अगं," ते तिथूनच म्हणाले, "त्या टेम्पोवाल्याचं घर कुठे आहे, ठाऊक आहे का तुला?"

"विचारून घेते, बाबा."

"घे. आजच जाऊ." त्यांनी वायरीचं टोक उघड्या लोखंडावर टेकवलं. "तू नको येऊस हवं तर. दार मी लावलं होतं."

"येते मी," ती म्हणाली, आणि त्यांना बाहेर ओढायला तिने हात पुढे केला.