नकाशावर वाळीत

शेवंतीच्या घरात रविवारची सुरुवात पाण्याने व्हायची. दिवा पूर्वेच्या त्या इमारतीत नळ होते, टाकी होती, बिल्डरने जिन्यात देवादिकांच्या टाइलाही लावल्या होत्या. पाणी तेवढं नव्हतं. टँकर आला की कळशा, बादल्या घेऊन खाली धावायचं, आणि भरून झालं की मग चहा. त्या रविवारीही तसंच झालं. नवरा सहदेव दाढी करायला बसला. मुलगी संचिता लग्नाचे ब्लाउज शिवायला टाकायला ठाण्याला गेली होती. शेवंतीने गॅस बारीक केला आणि फोन उघडला. नकाशावर संचिताचा गोल फोटो माजिवड्याजवळ थांबलेला होता.

"पोचली गो बाय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिच्या जिवाला बरं वाटलं.

हा नकाशा गावच्या ग्रामस्थ मंडळाने आणला होता. गेल्या गणपतीत मंडळाची एक गाडी घाटात रस्ता चुकली, बायकापोरं भर पावसात अडकली, तेव्हा अध्यक्ष महिपतरावांनी सगळ्यांच्या फोनमध्ये एका बड्या परदेशी कंपनीचं ॲप टाकून घेतलं. कोण कुठे आहे ते सगळ्यांना दिसणार. कोणी नेहमीच्या वेळी नेहमीच्या जागी पोचलं नाही तर ॲप आपणहून बाकीच्यांना कळवणार. वर पैसा एक नाही! फुकट म्हटलं की आपल्या माणसाला पुढचा प्रश्न विचारायचा कंटाळा येतो. दिव्यातली, कोपरीतली, डोंबिवलीतली गावची सगळी घरं त्या नकाशावर आली आणि सगळ्यांना एकमेकांची फार काळजी वाटू लागली.

त्याच दिवशी दुपारी कोपरीला मंडळाची सभा होती. हिशेब झाले, चहा झाला, आणि शेवंतीचा भाचा संदेश उठून उभा राहिला. संदेश म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा, दगडूचा मुलगा. ठाण्यात एका कचेरीत कॉम्प्युटरचं काम करायचा. शेवंतीचं माहेर आणि सासर एकाच गावातलं, फक्त वाड्या वेगळ्या. त्यामुळे भाऊ-बहीण एकाच मंडळात होते आणि दिव्यात दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहत होते.

"काका, ते ॲप काढून टाकू या," संदेश म्हणाला. "कोण कुठे जातं, कुठल्या डॉक्टरकडे किती वेळ बसतं, सगळं त्या कंपनीकडे जमा होतं. ती त्याच्यावर धंदा करते. आणि इथे मंडळाला पण प्रत्येकाच्या घरची खबर कशाला? उद्या कोण त्याचा कसा वापर करेल, काय सांगता येतं?"

"म्हणजे आम्ही चोर?" महिपतरावांनी हसत विचारलं.

"तसं नाय म्हणत मी. ग्रुप पायजे तर आपला आपण चालवू ना. मी घरी एक जुना कॉम्प्युटर लावलाय, ग्रुपचे निरोप त्याच्यावरूनच फिरतील. गावाकडे कशी, प्रत्येक वाडीची आपापली विहीर असते. एकीवरून दुसरीवर जायला वाट असते, पण सगळ्या विहिरींचा मालक एक नसतो. तसंच हे. आपली मशीन आपल्याकडे, डोंबिवलीवाल्यांची त्यांच्याकडे. बोलणं चालू, पण वरती बसून बघणारा कोणी नाय. वाटलं तर माणसाने यावं, नाय तर सोडून जावं."

पोरं खूश झाली. काहींनी तिथल्या तिथे संदेशकडे आपली नावं दिली. महिपतरावांचं हसू मात्र तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. माणूस वाईट म्हणावा असा नव्हता. कोणाला नोकरीला लावलं होतं, कोणाचं आजारपण निभावलं होतं, परक्या शहरात गाव एकत्र ठेवलं होतं. पण ज्याने एकत्र ठेवलं त्याला ते आपलंच वाटू लागतं. 'वरती बसून बघणारा' हे शब्द त्यांना बरोबर जाऊन लागले होते.

निर्णय सभेत झाला नाही. असल्या गोष्टींविरुद्ध कायदा आहे हे महिपतराव जाणून होते, म्हणून कागदावर एक अक्षर आलं नाही. नुसता तोंडोतोंडी निरोप फिरला, 'दगडूच्या घराशी व्यवहार नाय.' वाळीत हा शब्दसुद्धा कोणी उच्चारला नाही, पण तो सगळ्यांना कळला. गावात वाळीत टाकलेल्याच्या दारात कोणी हळदीकुंकवाला जात नाही, त्याच्या भाताच्या लावणीला कोणी येत नाही, त्याच्या मयताला खांदा मिळत नाही. जो जाईल त्याने दंड भरायचा, गावदेवीपुढे नारळ ठेवून माफी मागायची, आणि तरी ऐकलं नाही तर तोही वाळीत. ही चाल आपण गावाकडून येताना फणसा-आमसुलांबरोबर घेऊन आलो, आणि शहरात ती टिकवली याचा आपल्याला अभिमानसुद्धा वाटतो. संदेशकडे नावं दिलेल्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी ती काढून घेतली.

शेवंतीला वाटलं, पुरुषांचं भांडण आहे, बहिणीला कोण अडवतंय? चार दिवसांनी ती भावाकडे गेली. दगडूचे पाय सुजले होते, डॉक्टरांनी मूत्रपिंडाचं दुखणं सांगितलं होतं. तिने त्याला पेज भरवली, वहिनीशी, विमलाबाईंशी बोलत बसली आणि निघाली. अजून जिना उतरतेय तोच फोन वाजला.

"वहिनी, दगडूच्या बिल्डिंगीत बराच वेळ होता तुम्ही," महिपतराव मायेने म्हणाले. "काय काम काढलेलं?"

शेवंती जिन्यातच थांबली. तिने वर पाहिलं, गल्लीत पाहिलं. ओळखीचं कोणी नव्हतं.

सहदेवने दंड भरला, नारळ ठेवला, हात जोडले. तो भित्रा होता, पण त्याच्या भीतीला कारण होतं. संचिताचं लग्न महिपतरावांच्या भाच्याशी, साईनाथशी ठरलं होतं. मुलगा चांगला, पोरीला मनापासून आवडलेला.

"तुझा भाव आहे, मला कळतं," सहदेव म्हणाला. "पण पोरीच्या आयुष्याचा खेळ नको करू. लग्न होऊ दे, मग बघू."

"आणि तोवर दादाला काय झालं म्हणजे?"

सहदेव उठून बाहेर गेला. शेवंती फोनकडे पाहत राहिली. त्या भेटीपासून त्यात मूत्रपिंडाच्या औषधांच्या जाहिराती येऊ लागल्या होत्या. तिने तर कोणाला काही विचारलं नव्हतं, कुठे काही लिहिलं नव्हतं.

मग तिने एक युक्ती केली. मासळीचा वार होता. ती रोजच्या वेळेला पिशवी घेऊन निघाली आणि फोन तांदळाच्या डब्यात ठेवून गेली. भावाजवळ जाऊन बसली, त्याचे पाय चेपले. दगडू म्हणाला, "शेवंते, तू नको येत जाऊस गो. पोरीचं होऊन जाऊ दे." ती रडली, डोळे पुसले, आणि येताना आठवणीने मांदेली घेऊन घरी आली. तांदळाच्या डब्यात फोन थरथरत होता.

ॲपने साऱ्या गावाला कळवून टाकलं होतं: 'शेवंती आज नेहमीच्या वेळी बाजारात पोहोचल्या नाहीत. सर्व ठीक आहे ना?'

खाली गावच्या बायकांच्या चौकशांची रांग लागली होती. काय झालं गो? बरी हायस ना? आणि शेवटी महिपतरावांचं एकच वाक्य, 'वहिनी फोन घरी विसरून कुठे गेल्या ते सहदेवने सांगावं.' माणूस गेलं तर दिसतं, आणि गेलं नाही तरी दिसतं! शेवंती त्या दिवशी खरी घाबरली. पूर्वी गावात पाटलाची नजर चुकवून मागच्या परसातून जाता यायचं. इथे परसच उरलं नव्हतं.

या वेळी दंडही मागितला नाही. "पुढच्या वेळी साईनाथच्या घरच्यांना मी काय सांगू, ते तुम्हीच ठरवा," एवढंच महिपतराव म्हणाले. शेवंतीने भावाकडे जाणं सोडलं. दुपारी भांडी घासून झाली की ती नकाशा उघडायची आणि भावाची इमारत बोटाने मोठी करून पाहायची. दगडूच्या घरातून संदेशने ते ॲप काढून टाकलं होतं, म्हणून तिथे काहीच दिसायचं नाही.

लग्न पंधरवड्यावर आलं होतं. रविवार होता. पाणी भरून झालं होतं आणि हौसाबाई पाटी घेऊन जिन्यात आली. ती इथल्याच जुन्या गावातली आगरीण, साऱ्या इमारतींना मासे घालणारी. शेवंतीला दारात बघून ती थबकलीच.

"गो शेवंते, तू घरान बसलीस? तुजा भाव गेला नं गो सकालचे. तुला कोनी सांगला नाय?"

कोणीच सांगितलं नव्हतं. संदेशने फोन केला नव्हता, कारण आत्याच्या घरात काय चाललंय ते त्याला ठाऊक होतं. सख्ख्या भावाच्या मरणाची बातमी बहिणीला कोळंबीच्या पाटीबरोबर आली. शेवंती तिथेच उंबऱ्यावर बसली.

आत येऊन तिने फोन घेतला. का घेतला ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. नकाशा उघडला. रविवार, त्यामुळे गाव घरी होतं. दगडूच्या आजूबाजूच्या साऱ्या इमारतींत ओळखीचे चेहरे खच्चून भरले होते. ज्यांच्या बारशांना त्याने पाळणे बांधले, ज्यांच्या मुलांना त्याने आपल्या खोलीत वर्षवर्ष ठेवून घेतलं, ते सगळे हसऱ्या फोटोंतून आपापल्या घरात बसले होते. बातमी त्यांना कळली असणार. एकही फोटो हलत नव्हता.

शेवंतीने पायांत चपला सरकवल्या.

"अगं, पंधरा दिवस राह्यलेत," सहदेव दारात आडवा झाला. त्याचेही डोळे भरले होते. "जा तर जा, पण फोन तरी ठेव. मी सांगतो, आजारी आहे, झोपलीय."

"नाय. चोरून गेली ती पुरे झालं. आता बघू दे त्यांना."

संचिता भिंतीला टेकून उभी होती. शेवंतीने तिच्याकडे पाहिलं. "बाय, तुझं नुकसान करतेय मी. पण माझा भाव एकटा पडलाय गो." शेवंती निघाली.

दगडूच्या दारात गावचं माणूस नव्हतं. शेजारचे भैया पती-पत्नी होते, संदेशचा एक रिक्षावाला मित्र होता, आणि हातातलं काम टाकून हौसाबाईचा नवरा आला होता. संदेशने हातात मडकं धरलं आणि तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा चौथा खांदा कमी पडला. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवंतीने पदर कमरेला खोचला.

"आत्ये, बायका..." संदेश अडखळला.

"बापये घरात बसलेत ना?" ती म्हणाली, आणि तिने भावाला खांदा दिला.

स्मशानापर्यंत तिच्या कमरेला फोन थरथरत होता. अग्नी दिला, विमलाबाईंना सावरलं, आणि मग तिने तो उचलला. महिपतराव होते.

"वहिनी, तुम्ही कुठे आहात?"

"दिसतंय ना तुम्हाला, भावोजी? मग विचारता कशाला?" शेवंतीचा आवाज चढला नव्हता. "मला पण तुम्ही दिसताय. दादाच्या दारापासून दोन गल्ल्या सोडून, घरात. माझ्या भावाने तुमची आई खांद्यावरून नेलेली. तुमच्या बाजूचा सुरेश दिसतोय, वरचा पांडू दिसतोय. पाय मोडलेत काय सगळ्यांचे? आणि उद्या मी पोलीस स्टेशनला जाणार आहे, संदेशला घेऊन. ते पण दिसेल नकाशात. बघत बसा."

तिने फोन ठेवला आणि तेच शब्द, जसेच्या तसे, गावच्या ग्रुपवर बोलून टाकले.

थोडा वेळ काही झालं नाही. मग नकाशावरचा महिपतरावांचा फोटो नाहीसा झाला. ज्यांनी सगळ्यांना दिसायला लावलं, त्यांना स्वतः दिसणं सोसलं नाही. मग सुरेश गेला, पांडू गेला, कोपरीवाले गेले, डोंबिवलीवाले गेले. गाव एकेक करून विझत गेलं. कोणी घराबाहेर मात्र पडलं नाही; पटापट ठिकाण बंद करून सगळे घरातच बसून राहिले. साईनाथचा फोटो जरा वेळ तसाच होता. शेवंती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तोही गेला.

"बघ, लपले सगळे," ती म्हणाली.

"आपल्यापासून लपले, आत्ये," संदेश चितेकडे पाहत म्हणाला. "कंपनीला अजून दिसतायत. कोण बंद करून घरात बसलं, ते पण तिने लिहून घेतलंय."

तेवढ्यात फोनने आनंदाने घंटी वाजवली. 'आपण नवीन ठिकाणी आहात. हे ठिकाण नेहमीचं म्हणून जतन करायचं का?'

ती खिन्नपणे त्या प्रश्नाकडे पाहत राहिली. आणि तेव्हा तिला दिसलं, त्या रिकाम्या नकाशावर अजून एक फोटो होता, आणि तो हलत होता. बाजार ओलांडून, महिपतरावांच्या दारावरून, संचिता उघडपणे स्मशानाच्या रस्त्याला लागली होती. तिच्या मागोमाग, जरा अंतर ठेवून, सहदेवचाही फोटो येत होता.

बाकी गाव कुठे होतं, ते ज्याचं त्याला माहीत आहे.