शेंदराखालचा घोडा

अंथुर्ण्याच्या गेणबाला राग आला की त्याची म्हैस दूध चोरायची, आणि भिंतीपलीकडची शेजाऱ्याची म्हैसही आटायची, असं लोक सांगायचे. त्या श्रावणात तो गाडी जुंपून सांगवीच्या वाटेला लागला, तेव्हा तर कालव्याकाठी एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्यांनी त्याला बघून दुसरा पायही खाली टेकवला.

कारणही तसंच होतं. लेक रंगूबाई सांगवीच्या हिंदुराव पाटलांच्या घरात दिली, त्याला तिसरं वर्ष. दोन पंचम्या आल्या आणि गेल्या, पोर माहेरी आली नाही. दोन्ही वेळा तिचा भाऊ मुराळी म्हणून न्यायला गेला आणि रिकामी गाडी घेऊन परत आला. यंदा द्वारकाबाईनं, म्हणजे गेणबाच्या बायकोनं, लिंबाला झोका तेवढा बांधला, आणि नवऱ्याकडं बघत दोरीला आणखी एक गाठ मारली.

"ही जादा गाठ कुणासाठी?" गेणबानं विचारलं.

"तुमच्या जिभेसाठी."

हे त्याला फार लागलं, कारण ते खरं होतं. त्यांच्याकडं लग्नात पंगत बसण्याआधी दोघे व्याही एकमेकांना सवाल टाकायचे. कुठलं राज्य कुणी बुडवलं, कुठली लढाई कुठं झाली, कुठली लिपी कुठली. जो अडेल त्यानं दुसऱ्याच्या ताटात पहिली पोळी वाढायची, हसायचं आणि विसरून जायचं. आता गेणबा मोठ्या युद्धात मराठा पलटणीबरोबर बसऱ्याकडं जाऊन आलेला. तिकडं त्यानं कोण्या जुन्या राजाच्या, अक्षरं उमटवलेल्या विटा बघितल्या होत्या. भर मांडवात त्यानं विचारलं, "खिळे ठोकल्यागत अक्षरं, ती लिपी कुणाची?" हिंदुरावांनी बराच वेळ मिशी ओढली आणि म्हणाले, "सुताराची." मांडव हसला. तेवढ्यावर भागलं असतं. पण गेणबा उठून म्हणाला, "मग पंगतीला रंधा घिऊनच बसा की!" त्या दिवसापासून हिंदुराव चार गावांत 'रंधा पाटील' झाले, आणि रंगूबाईचं माहेर तुटलं.

सांगवीत गेणबानं बैल सोडले तेव्हा हिंदुराव घरासमोरच्या लिंबाखाली बसले होते. तिथं त्यांचा देव होता, म्हणजे कमरेएवढा दगड. पिढ्यान् पिढ्या तेल-शेंदूर खाऊन तो असा फुगला होता की नाक कुठं नि पाठ कुठं ते देवालाही ठाऊक नसावं.

"पोर न्यायची?" राम राम न घालताच हिंदुराव म्हणाले. "न्या की. पण सवालात आमची आब्रू गेली, पाव्हणं. सवालातच पोर सोडवा. जो अडला तो हरला. तुमी हरला, तर पंचमीचं नाव पुन्हा काढायचं न्हाय."

"पोर हाय का पणाला लावलेली म्हैस?" गेणबाच्या मानेची शीर तटतटली.

"भ्यालासा व्हय?"

झालं. गेणबानं पागोटं काढून मांडीवर आपटलं आणि समोर बैठक मारली. गाव गोळा झालं. देवाची पूजा करणारा सोनबा गुरव पंच म्हणून मधे बसला. घरात चुलीपाशी असलेल्या रंगूबाईचं भांडं एकदा जोरात आदळलं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

हिंदुरावांनी मधली वर्षं फुकट घालवली नव्हती. बारामतीच्या बाजारात बखर वाचणारा कुणी दिसला की त्याला धरून आणायचे, जेवू घालायचे आणि पाठ होईतोवर सोडायचे नाहीत. एकजण म्हणे इथंच राहून म्हातारा झाला.

"विजयनगरचं राज्य कुठल्या लढाईत बुडालं?" हिंदुरावांनी सुरुवात केली.

"तालिकोटच्या. बुडवणारे सुलतान एकमेकांचे सोयरे व्हते. पर त्यांनी सोयरीक पाळली, तुमच्यागत न्हाय. आता सांगा, पानपतावर भाऊ पडला तो सण कंचा?"

"संक्रांत! पाळण्यातलं पोर सांगंल. मोडी लिपी कुणी आणली?"

"हेमाडपंतानं, लंकेतनं, असं म्हणत्यात. तितंच ठिवली असती तर आमच्या तलाठ्याचं अक्षर तरी लागलं असतं. खर्ड्याच्या लढाईत निजाम कुठं दडला?"

"खर्ड्याच्याच किल्ल्यात. कोंडून घेतलं सवताला."

"सवताला घेतलं," गेणबा दात खाऊन म्हणाला. "दुसऱ्याची लेक न्हाय कोंडली."

हिंदुरावांचा चेहरा देवाच्या रंगाचा झाला. ते ताडकन उठले आणि दगडावर हात ठेवून गरजले, "लई शाना हायस न्हवं? मग सांग, ह्या आमच्या देवावर काय लिवलंय?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. बोटभर शेंदराखाली अक्षर आहे की नाही, हेच कुणाला माहीत नव्हतं.

"हा काय सवाल झाला?" गेणबा ओरडला. "दिसतंय कुठं?"

"न्हाय दिसत? मग हरलास. आमच्या आज्यानं सांगितलंय. देवगिरीच्या यादवाच्या फौजेत आमच्या मूळपुरुषानं शंभर घोडेस्वार कापले, ते लिवलंय ह्याच्यावर. सोनबा, सांग निकाल!"

सोनबानं मान खाली घातली. पाटलाच्या घरचं खाणाऱ्यानं आणखी काय करायचं? गेणबानं उठून बाह्या सरसावल्या. आता हाणामारीच व्हायची, एवढ्यात दार धाडकन उघडलं. रंगूबाई आंघोळीच्या पाण्याचा वाफाळता हंडा घेऊन बाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट होता, पण डोळे असे की बाया मागं सरल्या.

"वाचायचंच हाय न्हवं मामंजी? वाचा!" म्हणाली, आणि अख्खा हंडा देवावर ओतला.

कडकडीत पाणी तेलकट शेंदरात शिरलं. दर अवसेला शेंदूर लावणारी तीच होती. शेंदराची खोळ आतून सुटलीय, हे तिच्या बोटांना केव्हाच कळलं होतं. क्षणभर काही झालं नाही. मग भिंत कोसळावी तशी खोळ सुटली. वर सूर्य-चंद्र निघाले, मधे झिजलेली अक्षरं, आणि खाली एका जनावराचं तोंड. त्याच्याही खालचा भाग गुडघ्यावर बसलेल्या गेणबाला तेवढा दिसला. तिथं एक बाई कोरलेली होती.

गेणबानं चटकन खांद्यावरचं उपरणं त्या भागावर टाकलं.

असलाच दगड अंथुर्ण्याच्या शिवारात होता. गधेगाळ. जुन्या राजानं दान दिलेली जमीन जो बळकावील, त्याच्या आईला गाढवाची शिवी. वाचता येत नसेल त्यालाही कळावी म्हणून चित्रात कोरलेली. त्या शिवीला पाटलाच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या नारळ फोडला होता, नवी नवरी पाया पडायला आणली होती, आणि बारशाला त्याच्यापुढं पाळणा ठेवला होता.

गेणबाच्या जिभेवर ते असं नाचायला लागलं की त्याची दाढ हलली. एक शब्द! एका शब्दात रंध्याच्या जागी गाढव आलं असतं, पाटलाच्या सात पिढ्यांवर स्वार होऊन.

"देव बाटवला!" हिंदुराव किंचाळले. "न्या तुमची लेक, आन् पुन्हा आणू नगा!"

रंगूबाई जागेवरून हलली नाही. ती सासऱ्याकडं बघत नव्हती. बापाकडं बघत होती, आणि त्या बघण्यात ती जादा गाठ होती.

गेणबानं हिंदुरावांचा दंड धरून त्यांना खाली ओढलं, उपरण्याचं टोक त्यांच्यापुरतं उचललं आणि कानात सांगितलं. हिंदुरावांच्या तोंडचं पाणी पळालं. मिशी एका बाजूनं खाली आली.

"दर पंचमीला लेक माहेरी आली," गेणबा कुजबुजला, "आन् मानानं परत नांदायला आली, तर मला कायबी आठवत न्हाय. न्हाय आली, तर आठवंल. इंदापूरच्या बाजारात उभा ऱ्हाऊन आठवीन."

"आन् हिनं हंडा वतला त्याचं?"

"देवाला आंघोळ घातली सुनेनं. म्हना तसं."

हिंदुराव उठले. लोकांकडं वळले. आवाज फाटला तरी गरजले, "घोडा हाय! मूळपुरुषाचा घोडा! सुनंनं आंघोळ घातली म्हणून दर्शन झालं!"

सोनबानं उपरण्याच्या वर उघडं राहिलेलं तोंड नीट निरखलं. "पाटील, कान जरा लांब हायती."

"अरबी हाय!" दोघे व्याही एकदम ओरडले. "शेंदूर आण!"

गाडी निघाली. बारामती मागं पडली, कालवा लागला, तरी रंगूबाई बापाकडं पाठ करून बसली होती. गेणबाला वाटलं होतं पोर हसेल, निदान विचारेल तरी.

"जितून आणलं तुला," शेवटी तोच म्हणाला.

"व्हय. बैल आणत्यात तसं." ती भडकली. "मांडवात तुमी हसलासा, सासरी मी सोसलं. आज परत बसलासा मला मधे ठिवून! पुढच्या पंचमीला तुमी नगं. आईला धाडा."

"बाईमाणूस मुराळी?"

"व्हय. तिला सवाल येत न्हाईत, लई बरं हाय."

घरी आल्यावर द्वारकाबाईनं लेकीला पोटाशी धरलं, झोक्यावर बसवलं, आणि दोरी हातात घेऊन गेणबाकडं न बघता विचारलं, "आन् तितं काय झालं?"

गेणबाच्या ओठांवर गाढव येऊन उभं राहिलं. ते कान हलवायला लागलं. त्यानं झोक्याच्या गाठीकडं बघितलं आणि मोठ्या कष्टानं गिळलं.

"काय न्हाय," तो म्हणाला. "पाटलाचा घोडा बघितला."