धाकट्या कोरिनाची बॅट

मित्रांनो, मला जुनी म्हणा, झिजलेली म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा; फक्त फळी म्हणू नका. मी टेबल टेनिसची बॅट आहे. पाच पातळ लाकडं एकावर एक चिकटवून मला घडवलं आणि माझ्या दोन्ही गालांवर रबर चढवलं, एकावर तांबडं, एकावर काळं. हे रबर झिजलं की सोलून काढतात आणि नवं चिकटवतात. पहिल्या-पहिल्यांदा सोलताना फार झोंबायचं. मग कमी झोंबायला लागलं. आता काहीच होत नाही. कुणी सोललं काय नि कुणी पुसलं काय, मला सारखंच.

मी छू लानशीची बॅट. तिचं गाव हुबेई प्रांतात, लोखंडाच्या खाणीजवळ. तिथं वसाहतीच्या अंगणात सिमेंटची टेबलं होती आणि जाळीच्या जागी विटा मांडलेल्या असायच्या. सिमेंटवर चेंडू वेडावाकडा उसळतो. त्याची वाट बघत बसलं तर तो नाकावर तरी येतो नाहीतर गटारात तरी जातो. म्हणून सात वर्षांची लानशी टेबलाला पोट लावून उभी राहायची आणि चेंडू वर येतोय न येतोय तोच त्याला थप्पड द्यायची. हा फटका तिला कुणी शिकवला नव्हता. तिची आई खिडकीतून ओरडायची, "अगं, त्या चेंडूनं तुझं काय घोडं मारलंय?"

मी तिच्या हाती आले तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि प्रांताच्या संघात होती. चार वर्षं आम्ही त्या एका फटक्यावर खाल्लं-प्यायलं म्हणा ना. मोठमोठ्या मुली हरायच्या आणि हॉलमधून पाय आपटत जायच्या. तेव्हा माझ्या लाकडातून चेंडूगणिक एक शिरशिरी जायची. मला वाटायचं, सगळ्याच बॅटींना असं होत असेल.

सतराव्या वर्षी तिला पेइचिंगहून बोलावणं आलं. देशाच्या संघात, पण दुसऱ्या फळीत. गावात फटाके वाजले. आई म्हणाली, "आता टीव्हीवर दिसशील." लानशी म्हणाली, "दिसेन की."

आमच्याकडे एक रीत आहे. परदेशातली एखादी खेळाडू आमच्या पहिल्या फळीला जड जायला लागली, की दुसऱ्या फळीतल्या कुणाला तरी तीच बनवतात. हुबेहूब तिच्यासारखं खेळायचं, म्हणजे आपल्या मुलींना तिची सवय होते. एका सकाळी मियाओ मास्तरांनी लानशीला बोलावलं. ते दुसऱ्या फळीचे प्रशिक्षक.

"लानशी, ती रोमानियाची कोरिना बघितलीस ना?"

"बघितली, मास्तर. चुनताईला दोनदा हरवलंय तिनं."

"उद्यापासून ती तू."

"मी?"

"मग काय मी? या वयात? तिच्याएवढी उंच आहेस, हात लांब आहेत. टेबलापासून चार पावलं मागं जायचं आणि प्रत्येक चेंडू खालून कापून परत द्यायचा."

"आणि माझा खेळ, मास्तर?"

"तो कुठं पळून जातोय? संघाचं काम आहे, पोरी."

त्याच दिवशी माझ्या काळ्या गालावरचं गुळगुळीत रबर गेलं आणि तिथं लांब दाण्यांचं रबर आलं. त्या दाण्यांनी चेंडूची फिरकी उलटी होते. मला तर अंगावर पुरळ उठल्यासारखं वाटलं. लानशी रोज दोन तास कोरिनाचे सामने बघायची आणि पाच तास कोरिना व्हायची. सर्व्हिसआधी कोरिना चेंडूवर फुंकर मारायची. पॉइंट गेला की डावा कान खाजवायची. मास्तर म्हणाले, "कानसुद्धा खाजव. चुनला तेही दिसायला हवं."

चुन म्हणजे फेई चुन, पहिल्या फळीतली सगळ्यांत भारी मुलगी. स्वभावानं चांगली होती हो, उगाच खोटं कशाला बोलू? सराव संपला की लानशीच्या पाठीवर थाप मारायची. "तू नसतीस तर त्या बयेनं मला खाल्लं असतं!"

वर्षभरात सगळे तिला धाकटी कोरिना म्हणायला लागले. खानावळीत आचारी विचारायचा, "काय धाकट्या कोरिनाबाई, शेवया वाढू की रोमानियाहून मागवू?" आधी लानशी चिडायची. दुसऱ्या वर्षी हसायची. चौथ्या वर्षी नुसतं ताट पुढं करायची. घरी फोन केला की आई विचारायची, "कशी आहेस?" आणि ती म्हणायची, "आहे." एवढंच.

मलाही काही वाटेनासं झालं होतं. चेंडू यायचा, मी कापायचे, चेंडू जायचा. मास्तर "हुबेहूब!" म्हणून टाळी वाजवायचे. ती टाळी कोरिनासाठी होती की लानशीसाठी, हे मी कधी विचारलं नाही. तिनंही नाही.

पाचव्या वर्षी जागतिक स्पर्धेसाठी संघातली चाचणी लागली. एकच जागा उरली होती. दुसऱ्या फळीतल्या मुलींनाही खेळायची मुभा होती. लानशी मास्तरांकडे गेली. कितीतरी दिवसांनी तिचा हात मला गरम लागला.

"मास्तर, मला माझं जुनं रबर लावून खेळू द्या."

मास्तरांनी विचारलं, "आणि हरलीस तर?"

"तर तुम्ही म्हणाल ती होईन. पण एकदा मला मी म्हणून खेळायचंय. ही शेवटचीच वेळ आहे, मास्तर. पुढच्या वेळी मला कुणी विचारणारसुद्धा नाही."

"अकरा दिवस आहेत," ते म्हणाले. "बघ तुझा फटका येतोय का परत."

आणि आला, मित्रांनो! आठव्या दिवशी आला. ती टेबलाला चिकटून उभी होती, चेंडू उठला आणि तिनं थप्पड दिली. माझ्या लाकडातून ती जुनी शिरशिरी गेली. अहो, पाच वर्षांनी! लानशी मटकन खाली बसली आणि मला पोटाशी धरून खो खो हसत सुटली.

चाचणीत तिनं तीन जणींना हरवलं. त्या बिचाऱ्या धाकट्या कोरिनाशी खेळायच्या तयारीनं आलेल्या. समोर भलतीच मुलगी बघून त्यांना काही सुचेना. शेवटचा सामना चुनशी. चुनला त्या मोसमात दुखापत झाली होती, म्हणून तिलाही जागा अशी मिळवावी लागत होती. जी जिंकेल ती जाणार.

तीन-तीन गेम झाले. सातव्या गेममध्ये लानशी नऊ-सात अशी पुढं होती. दोन पॉइंट हवे होते, फक्त दोन. चुननं जीव खाऊन एक फटका मारला. आणि लानशी एक पाऊल मागं गेली.

मला कळलं. मी लाकूड असूनही कळलं. मनात म्हटलं, अगं नको, पुढं ये. ती आणखी मागं गेली आणि तिनं चेंडू खालून कापला, कोरिनासारखा. पण आता माझ्या गालावर ते दाणे नव्हते. चेंडू लोण्यासारखा वर तरंगला आणि चुननं तो ठेचला. नऊ-आठ. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. शेवटच्या सर्व्हिसआधी लानशीनं चेंडूवर फुंकर मारली. मागं कुणीतरी फिसकन हसलं, "अगोबाई, कोरिना आली!"

अकरा-नऊ. चुन जिंकली. ती जाळीपाशी आली, घामानं चिंब, आणि आनंद व्हायच्या ऐवजी चक्रावून म्हणाली, "अगं, मागं का गेलीस? पुढं होतीस तेव्हा मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं!"

"मी मागं गेले?" लानशी म्हणाली. "मला कळलंच नाही, ताई."

खोलीवर जाऊन तिनं स्वतःच्या हातानं माझं रबर सोललं आणि दाण्यांचं चिकटवलं. रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. कडा नीट कापल्या, कात्री जागेवर ठेवली आणि जेवायला गेली. मला फार वाईट वाटायला हवं होतं. पण मलाही फारसं काही वाटलं नाही, खरं सांगते.

जागतिक स्पर्धेत चुननं कोरिनाला चार-शून्य धुतलं. खानावळीत टीव्हीसमोर सगळ्यांनी चमचे आपटले. आचाऱ्यानं लानशीच्या वाडग्यात दोन अंडी जास्त घातली. तिनं ती खाल्ली. महिन्याभरानं बातमी आली, की कोरिनानं खेळ सोडला. मास्तर म्हणाले, "तुझं काम फत्ते झालं, पोरी."

मग वसंतात कोरिना स्वतः पेइचिंगला आली, मैत्रीच्या सामन्यासाठी. आपली नक्कल करणाऱ्या मुलीबद्दल तिच्या कानावर गेलं होतं. तिनं दुभाषी बाईंकडून निरोप पाठवला, "जी मुलगी मी झाली होती, तिच्याशी मला खेळायचंय."

सगळा संघ बघायला जमला. दोघी टेबलापासून लांब उभ्या राहून चेंडू कापत होत्या आणि चेंडू काही केल्या मरेना. एकदा पॉइंट कुणाचा हे दोघींनाही कळलं नाही आणि दोघींनी एकाच वेळी डावा कान खाजवला. हॉल हसून हसून लोटपोट. कोरिनाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं दुभाषी बाईंना काहीतरी सांगितलं.

"ती म्हणतेय," बाई म्हणाल्या, "हा माझा खेळ झाला. आता तुझा दाखव. मला तुझा बघायचाय."

हसणं थांबलं. मास्तरांनी मान खाली घातली. लानशी पुढं आली, टेबलाला चिकटून उभी राहिली. चेंडू उसळला. तिचा हात खाली गेला आणि त्यानं चेंडू कापला. तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा कापलाच. तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटून घेतले होते. मी वाट बघत होते. ती शिरशिरी काही आली नाही.

तिनं मला हळूच टेबलावर ठेवलं आणि बाईंना म्हणाली, "सांगा तिला, हाच आहे."

बाईंनी सांगितलं. कोरिना हसली नाही. ती टेबलाला वळसा घालून आली आणि लानशीचा हात दोन्ही हातांत धरून नुसती उभी राहिली.

आज लानशी हुबेईत लहान मुलांना शिकवते. मी तिच्या कपाटात असते. ती मला दर आठवड्याला पुसते, ओलीपासून जपते; त्याबद्दल माझी तक्रार नाही. शिकवणीत ती कडक आहे. पाय इथं, कोपर तिथं, चूक चालत नाही. पण तास संपताना ती प्रत्येक मुलाला दहा चेंडू देते आणि म्हणते, "आता हवं तसं मारा." आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहते, म्हणजे चुकूनसुद्धा कुणाला सुधारायला नको.

मित्रांनो, दुसऱ्यासाठी राबा, संघासाठी खेळा, त्यात कमीपणा नाही. बॅटही नीट जपा. पण रोज दहा चेंडू आपल्या मनासारखे मारत जा. कुणी बघणार नाही, कुणी टाळ्या वाजवणार नाही, तरी मारा. हात विसरतो, बाळांनो. आणि तो विसरतो तेव्हा दुखत नाही, म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही.