पाटीवर राहून गेलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे, पण शाळेतली नव्हे. माझ्यावर कुणी बाराखडी गिरवली नाही. ठाण्यातल्या एका रक्त तपासायच्या लॅबोरेटरीत मी भिंतीवर होते, दरांची पाटी म्हणून. आज माळ्यावर रिकाम्या खोक्यांमागे पडले आहे. पण एके काळी माझ्याकडे मान वर करून बघितल्याशिवाय कुणी आत जात नसे.

माझा जन्म १९५२ सालचा. लॅबोरेटरी ज्या डॉक्टरांची होती, त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी एक सागवानी फळी रंधून घेतली आणि गणू पेंटरला बोलावलं. काळ्या रंगावर पिवळी अक्षरं उमटू लागली. लघवी, एक रुपया. विडाल, म्हणजे विषमज्वराची तपासणी, पाच रुपये. तिथे गणूचा ब्रश थांबला. त्याच्या मुलीची ही तपासणी दोनदा करावी लागली होती.

"अण्णा, हे पाच एकदाचे का दोनदाचे?"

अण्णांना कल्याणला जायची घाई होती. "नुसते पाच लिही," म्हणून ते निघाले. मग सर्वांत खाली तांबड्या रंगात गणूने लिहिलं : पैसे आगाऊ द्यावेत. त्या तांबड्या ओळीचा मला फार तोरा होता. तिच्यापुढे भले भले वकील मुकाट्याने पाकीट उघडत.

दोन वर्षांनी, वैशाखात, जवळच्या बाळकुम गावची आवडाबाई आपल्या नवऱ्याला घेऊन आली. नाथा मिठागरावर राबणारा गडी. चार दिवसांच्या तापाने त्याला बाकावर धड बसवत नव्हतं. तिने कनवटीचे पाच रुपये काढून कारकुनाच्या, विश्रामच्या, हातावर ठेवले. तपासणी करणाऱ्या सुमतीबाईंनी रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी निकाल आला, विषमज्वर दिसत नाही.

आता हे नीट ऐका. शरीर रोगाशी झुंजायला रक्तात जे तयार करतं, तेच या तपासणीत शोधतात. ते तयार व्हायला आठवडा लागतो. म्हणून सुमतीबाईंनी बजावलं, "ताप उतरला नाही तर आठ दिवसांनी पुन्हा रक्त पाठवा." पुन्हा पैसे पडतील हे सांगायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. विश्रामला वाटलं, पाटी आहेच की. आणि माझ्यावर तर ते लिहिलेलंच नव्हतं.

ताप उतरला नाही. नवव्या दिवशी भर दुपारी आवडाबाई एकटीच आली, घामाने थबथबलेली. नाथा आता अंथरुणातून उठत नव्हता, बरळत होता. तिकडच्या डॉक्टरांनी काढून दिलेलं रक्त एका छोट्या बाटलीत होतं. बाटली तिने पदरात धरून आणली होती.

"दाक्तर बोलला, नवीन गोल्या हायेत, पन लय महाग. तपासनीत निघालं तरच घे. गल्यातली सोन्याची पुतली मोडाला काढलीय मी. तुमी फकस्त लवकर सांगा."

विश्रामने बाटली घेऊन मेजावर ठेवली. "पाच रुपये, बाई."

ती गोंधळली. "ते मागल्या वेलेला दिलं ना? माणूस तोच, ताप तोच. आमच्या मिठागरावर मिठाचा तोल फिरून घेतला, तं दुसरे पैशे कोन घेत नाय."

"इथे नियम आहे, बाई. पाटीवर लिहिलंय बघा. माझ्या हातात नाही."

तिला वाचता येत नव्हतं. तरी ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. अण्णा कल्याणला गेलेले, सुमतीबाई जेवायला घरी गेलेल्या. कनवटीला फक्त सव्वा रुपया होता. ती वळली आणि पैसे आणायला बाळकुमच्या रस्त्याला लागली.

बाटली मेजावर राहिली, बरोबर माझ्या खाली. थोड्या वेळाने खिडकीतलं ऊन सरकत सरकत तिच्यावर आलं. विश्राम पावत्या लिहीत होता. मी बघत होते. गोठलेल्या रक्तावरचं पिवळसर पाणी हळूहळू तांबूस होऊ लागलं. मला ओरडावंसं वाटत होतं. पण मित्रांनो, पाटीला जेवढं लिहिलंय तेवढंच बोलता येतं.

दोन वाजता सुमतीबाई आल्या. त्यांनी बाटली उजेडात धरली. "ही इथे कधीपासून आहे?"

विश्रामने सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक झाला.

"उन्हाने रक्त फुटलं, विश्राम. आता यातून काही कळायचं नाही. टांगा बोलवा."

आवडाबाई धापा टाकत पायऱ्या चढली, तेव्हा सुमतीबाई सिरिंजची डबी घेऊन दारातच उभ्या होत्या. तिने मुठीतले पाच रुपये पुढे केले.

"ते राहू द्या. चला, मी येते बाळकुमला."

टांग्याचं भाडं विश्रामने आपल्या खिशातून दिलं. संध्याकाळी नाथाच्या नव्या रक्ताच्या काचेच्या नळ्या गरम पाण्यात लागल्या, आणि सकाळी सुमतीबाईंनी निकाल लिहिला. विषमज्वर, अगदी पक्का. पुतळी मोडली गेली, गोळ्या सुरू झाल्या. पुढचे सहा दिवस त्या घरी चूल धड पेटली नाही. माझ्यामुळे गेलेली एक दुपार नाथाला महागात पडते की काय, या धास्तीने मी टांगल्या जागी झिजत होते.

नाथा वाचला. एका कानाने मात्र त्याला कमी ऐकू येऊ लागलं. बाळकुमचे डॉक्टर म्हणाले, हा तापच तसा असतो. असेलही. मला ती दुपार अजून डाचते.

अण्णांना सगळं कळलं, तेव्हा त्यांनी गणूला पुन्हा बोलावलं. तांबडी ओळ खरवडली गेली. मला वाईट वाटलं नाही. तिच्या जागी गणूने पांढऱ्या रंगात लिहिलं : विडाल पुन्हा करावी लागल्यास त्याच पाच रुपयांत. पैसे मागाहून दिले तरी चालतील.

विश्रामने ती ओळ आवडाबाईला वाचून दाखवली, बोट ठेवून, दोनदा. पुढे बाळकुमहून कुणीही आलं की आधी सांगायचं, "शेवटची वल वाचून दाखवा. आवडाबाय बोलली, ती तिची हाय."

माझी बाकीची अक्षरं आता उडाली आहेत. पांढरी ओळ अजून वाचता येते. मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन कुठे दर लिहाल, तर त्या पैशांत काय काय येतं तेही लिहा. आणि पाटीखाली कुणी नुसतंच बघत उभं राहिलेलं दिसलं, तर हातातलं काम ठेवून त्याला ती शेवटपर्यंत वाचून दाखवा.